जुना खेळ, मोठा पडदा आणि दातेरी कडा

जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीवर लावला, की मुलांचा पहिला शेरा ठरलेला असतो, ‘हे असे काय दिसते?’ आणि मोठ्यांचे उत्तरही ठरलेले असते, ‘आमच्या वेळी छान दिसायचे!’ दोघेही खोटे बोलत नाहीत. खेळ तोच आहे, त्याच्या आतला हिशोबही तोच आहे. बदलला आहे तो पडदा. चौदा-वीस इंचांच्या काचेच्या टीव्हीवर जे चित्र सामावून जात होते, तेच चित्र आता बेचाळीस इंचांच्या सपाट पडद्यावर ताणले जाते आणि त्याची प्रत्येक शिवण उसवलेली दिसते. गाडीच्या टपाची तिरकी रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते, कुंपणाच्या जाळीत किडे वळवळल्यासारखे वाटते आणि माणसाच्या खांद्याची गोलाई करवतीसारखी दातेरी होते.

या दातेरी कडा घालवण्याचा एक जुना आणि सरळमार्गी उपाय आहे. त्याचे नाव सुपरसॅम्पलिंग. आमच्या घरात या विषयावर गेले काही महिने बरीच खटपट चालली आहे, आणि त्यात भाच्याच्या ईदीचे पैसेही पणाला लागले होते. ती हकीकत पुढे येईलच. आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ या.

ज्या घरांत भरतकाम होते तिथे हे समजावून सांगणे सोपे आहे. मॅटीच्या कापडावर क्रॉस-टाक्याने कमान काढायला घ्या. कापडाला चौकोनी घरे आहेत. एका घरात एकच टाका, एकाच रंगाचा. अर्धा पांढरा, अर्धा हिरवा टाका घालता येत नाही. त्यामुळे कमानीची गोलाई कितीही सुरेख मनात असली, तरी कापडावर ती पायरी-पायरीनेच उतरते. घरे बारीक असलेले कापड घेतले तर पायऱ्या लहान होतात, जाड कापडावर त्या डोळ्यांत भरतात. व्हिडिओ गेमचे चित्रही असेच घरांत भरलेले असते. एका घराला पिक्सेल म्हणतात. आपण ठिपका म्हणू.

सोनी कंपनीचे पहिले प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीला आले. पुढे ते जगभरात १० कोटींहून अधिक विकले गेले. त्याचे बरेच खेळ ३२० आडव्या आणि २४० उभ्या ठिपक्यांत चित्र काढत, म्हणजे एकूण ७६,८००. आजचा साधा फुल एचडी टीव्ही १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचा असतो. जाड मॅटीवरचे भरतकाम बारीक मलमलीवर मोठे करून छापावे, तशातली ही गत.

आता एम्युलेटर. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा संगणकातला प्रोग्राम म्हणजे एम्युलेटर. खेळाला वाटते आपण प्लेस्टेशनवरच चाललो आहोत. प्रत्यक्षात तो घरच्या संगणकावर किंवा मोबाइलवर चालत असतो. त्रिमितीय खेळांच्या बाबतीत या नकलेचा एक मोठा फायदा आहे. अशा खेळात चित्रे तयार करून ठेवलेली नसतात. ‘या तीन बिंदूंमध्ये त्रिकोण काढा, त्यावर हे कापड चढवा’ अशा सूचना असतात आणि यंत्र दर क्षणाला त्या सूचनांवरून चित्र नव्याने काढते. सूचना तशाच ठेवून एम्युलेटर कापड बदलू शकतो. ३२० बाय २४० ऐवजी त्याच सूचना १२८० बाय ९६० च्या बारीक घरांवर भरता येतात. घरे सोळापट होतात आणि पायऱ्या त्या प्रमाणात लहान होतात.

इथपर्यंत झाली ती नुसती वाढ. सुपरसॅम्पलिंगची खरी गोष्ट यानंतर सुरू होते. चित्र गरजेपेक्षा मोठे काढायचे आणि मग ते लहान करायचे. लहान करताना दर चार किंवा सोळा ठिपक्यांच्या रंगांची सरासरी काढून त्यांच्या जागी एकच ठिपका ठेवायचा. समजा, सोळा ठिपक्यांपैकी सहा पांढऱ्या भिंतीवर आणि दहा काळ्या दारावर पडले. मग त्या एका ठिपक्याचा रंग ना पांढरा ना काळा. सहा हिस्से पांढरा, दहा हिस्से काळा असा करडा. मॅटीवर जे करता येत नव्हते ते आता जमले, एकाच घरात दोन्ही रंगांचा अंश आला. डोळा त्या करड्या ठिपक्यांना पायरी न मानता सरळ रेघ मानतो.

तुम्ही विचाराल, मोठे चित्र काढलेच आहे तर लहान कशाला करायचे? कारण पडद्याची घरे ठरलेली आहेत. पडदा १०८० ओळींचाच असेल तर त्याहून मोठे चित्र तो दाखवूच शकत नाही. जादा काढलेले तपशील मग एक तर फेकून द्यायचे किंवा सरासरीच्या रूपाने चित्रात मुरवायचे. सुपरसॅम्पलिंग म्हणजे ते मुरवणे.

याचा हिशोब जमून येतो तेव्हा गंमत वाटते. प्लेस्टेशनच्या २४० ओळी नऊपट केल्या की २१६० होतात, म्हणजे ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्याइतक्या. ३२० ची नऊपट २८८०. हे २८८० बाय २१६० चे चित्र उभे-आडवे निम्मे केले की १४४० बाय १०८० उरते. फुल एचडी टीव्हीवर जुन्या चार-तीन आकाराचे चित्र बसायला नेमके एवढेच लागते. पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यामागे चार ठिपक्यांची सरासरी येते. मधेच कुठे अर्धा ठिपका उरत नाही, म्हणून चित्र कुठेही जाड-बारीक होत नाही.

चार ठिपके मोजायचे तर ते कुठले मोजायचे, हाही एक बारकावा आहे. चौकोनी जाळीत नीट ओळीने ठेवलेले चार ठिपके घेतले, तर जवळजवळ आडव्या रेघेसाठी त्यांतले दोन-दोन एकाच उंचीवर पडतात आणि रंगाच्या छटा कमी मिळतात. जाळी जराशी तिरकी फिरवली, की चारही ठिपके वेगवेगळ्या उंचीवर येतात आणि तेवढ्याच मेहनतीत रेघ अधिक मऊ होते. थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीने २००० साली आणलेल्या वूडू ५ या ग्राफिक्स कार्डात ही तिरक्या जाळीची युक्ती होती. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायला काढली, पण जुने शौकीन अजून त्या कार्डाच्या मऊ कडांची आठवण काढतात. एम्युलेटरमध्ये मात्र बहुधा साधी सरळ जाळीच असते. तिची कसर ठिपक्यांची संख्या वाढवून भरून काढली जाते.

चित्राच्या दर्जाचे भांडण न्यायालयात

जुने खेळ जास्त स्वच्छ दाखवण्याची ही हौस आजची नाही. प्लेस्टेशन बाजारात विकले जात होते तेव्हाच, १९९९ साली, अमेरिकेत ब्लीम नावाचा एक प्रोग्राम विक्रीला आला. रँडी लिंडेन आणि डेव्हिड हर्पोल्शायमर या दोघांची ती लहानशी कंपनी. प्लेस्टेशनची डिस्क संगणकात घालायची आणि ब्लीम सुरू करायचे. ज्यांच्या संगणकात बरे ग्राफिक्स कार्ड असेल त्यांना तोच खेळ टीव्हीपेक्षा स्वच्छ दिसे. कंपनीने जाहिरातीत दोन चित्रे शेजारी-शेजारी छापली : एक टीव्हीवरच्या प्लेस्टेशनचे, दुसरे संगणकावरच्या ब्लीमचे. पाहणाऱ्याने काय ते ठरवावे.

सोनीने दावा लावला. इतर मुद्द्यांबरोबर एक मुद्दा या चित्रांचा होता : आमच्या खेळांची दृश्ये आमच्या परवानगीशिवाय जाहिरातीत वापरली. मे २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने या मुद्द्यावर ब्लीमच्या बाजूने कौल दिला. हलत्या खेळातले एक थांबलेले दृश्य म्हणजे त्या खेळाचा नगण्य भाग, आणि दोन मालांची खरी तुलना गिऱ्हाइकाच्या फायद्याचीच असते, असा त्या निकालाचा रोख होता. त्याच न्यायालयाने काही महिने आधी, फेब्रुवारीत, कनेक्टिक्स या दुसऱ्या कंपनीच्या खटल्यात एम्युलेटर बनवण्यासाठी यंत्राचा अभ्यास करणे कायद्यात बसते असे म्हटले होते. आज कुठलाही एम्युलेटर उघडपणे वाटला जातो, त्याच्या मागे या दोन निकालांचा मोठा आधार आहे.

निकाल जिंकूनही ब्लीम वाचली नाही. वकिलांच्या खर्चाने ती कंबरेतून वाकली. २००१ मध्ये तिने सेगाच्या ड्रीमकास्ट या यंत्रासाठी तीन डिस्क काढल्या. ग्रॅन तुरिस्मो २, टेक्कन ३ आणि मेटल गिअर सॉलिड हे प्लेस्टेशनचे तीन खेळ त्यांच्या मदतीने ड्रीमकास्टवर ६४० बाय ४८० मध्ये, कडा घासून-पुसून दिसत. त्याच वर्षी सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवले आणि ब्लीमही बंद पडली. आम्हाला ही हकीकत दोन कंपन्यांच्या भांडणापेक्षा मोठी वाटते. ‘माझ्या मालकीच्या डिस्कवरचा खेळ मी किती स्वच्छ पाहायचा, हे कोण ठरवणार’ हा प्रश्न त्या वेळी खरोखर अधांतरी होता.

ईदीचे पैसे आणि थरथरणारी टोके

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या भाच्याने टेक्कन ३ चे वेड आमच्याकडूनच घेतले. २००० सालाच्या आसपास ज्यांचे वय शाळा-कॉलेजचे होते, त्यांना गल्लीतले व्हिडिओ गेम पार्लर आणि तिथला टेक्कनचा गोंगाट आठवत असेल. भाच्याने डिस्क संगणकात उतरवून घेतली, डकस्टेशन नावाच्या एम्युलेटरमध्ये खेळ लावला आणि दातेरी कडा पाहून नाराज झाला. संगणकाच्या दुकानात चौकशी केली तर दुकानदाराने सांगितले, ‘नवे ग्राफिक्स कार्ड घे, त्याशिवाय होणार नाही.’ दोन वर्षांची ईदी त्याने जपून ठेवली होती. ती सगळी आणि वर थोडे उसने, एवढी किंमत.

आपांनी आम्हाला फोन केला. “पैसे त्याचेच आहेत, मी अडवणार नाही. पण खरंच लागतंय का, तेवढं तू बघ. उसने घ्यायचे तर नाहीतच.”

आम्ही रविवारी जाऊन बसलो. त्या संगणकात वेगळे कार्ड नव्हतेच, प्रोसेसरच्या पोटातलेच ग्राफिक्स होते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. एम्युलेटरचे काम दोन भागांत वाटलेले असते. जुन्या यंत्राच्या मेंदूची नक्कल करणे हे प्रोसेसरचे काम, आणि चित्र कितीही मोठे काढले तरी ते वाढत नाही. वाढते ते रंगवण्याचे काम, आणि ते ग्राफिक्सवर पडते. पहिल्या प्लेस्टेशनचे त्रिकोण आजच्या मानाने इतके थोडे आणि साधे आहेत, की आठपट चित्र म्हणजे २५६० बाय १९२० ठिपके काढायलाही त्या पोटातल्या ग्राफिक्सला फारसे जड गेले नाही. दोन-तीन खेळ धुराच्या किंवा स्फोटाच्या दृश्यांत अडखळले. त्यांच्यासाठी सहापट पुरे झाली. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाची टक्केवारी दिसते, ती शंभरावर टिकली की समजायचे जमले.

आठपट काढून चौपट करायचे असे आम्ही ठरवले. डकस्टेशनच्या ग्राफिक्सच्या पानावर ‘डाउनसॅम्पलिंग’ असा पर्याय आहे, त्यात ‘बॉक्स’ निवडले. बॉक्स म्हणजे साधी सरासरी, वर सांगितली तीच. चित्र लागले. कडा खरोखरच गुळगुळीत झाल्या होत्या. पण भाचा पडद्याजवळ जाऊन म्हणाला, “मामू, कडा गेल्या, पण टोकं अजून थरथरतायत बघा. तो हात हलवतो तेव्हा कोपरा उडी मारतो.”

पोराची नजर बरोबर होती. हा दोष दातेरी कडांचा नव्हताच. मूळ प्लेस्टेशन त्रिकोणाच्या टोकांची जागा पूर्णांकातच ठरवत असे. टोक एक तर या ठिपक्यावर किंवा पुढच्या, मधल्या जागेला थारा नाही. त्यामुळे हळू हलणारी वस्तू सरकत नाही, टुणटुण उड्या मारते. एम्युलेटरने चित्र आठपट केले तरी टोके त्या जुन्याच जाड घरांवर टेकतात, म्हणून कड रेशमी होते आणि टोक तरी थरथरते. किंबहुना कड स्वच्छ झाल्यावर थरथर जास्तच नजरेत येते. दुसरा असाच दोष जमिनीच्या फरशांचा. मूळ यंत्र दूर-जवळचा हिशोब न करता त्रिकोणावर चित्र चिकटवत असे, त्यामुळे लांब जाणारी फरशी मधेच वाकडी होते.

यावर पीजीएक्सपी नावाची सोय आहे. खेळ हिशोब करत असताना टोकांचे जे अपूर्णांक टाकून दिले जातात ते एम्युलेटर बाजूला जपून ठेवतो आणि रंगवताना वापरतो. ती सुरू केली, थरथर बरीचशी शमली आणि फरशा सरळ झाल्या. सगळ्याच खेळांना ती मानवते असे नाही. काहींत मधूनच एखादा त्रिकोण भलतीकडे उडतो किंवा चित्राला चीर पडते; तिथे ती बंद करावी. एकूण क्रम आम्हाला असा पटला : आधी थरथर काढा, मग कडा घासा. उलटा क्रम लावला तर सुपरसॅम्पलिंगला नावे ठेवली जातात.

कार्ड आले नाही. ईदी तशीच आहे. भाचा थोडा हिरमुसला, हेही सांगायला हवे. नव्या वस्तूची मजा वेगळीच असते.

पात्रे एका जगातली, पडदा दुसऱ्या

टेक्कनमध्ये आणखी एक पेच आहे आणि तिथे सुपरसॅम्पलिंग नुसत्या वाढीपेक्षा का बरे, हे नेमके कळते. प्लेस्टेशनवरच्या टेक्कन ३ मध्ये लढणारी पात्रे त्रिमितीय आहेत, पण मागचा देखावा सपाट चित्र आहे. नुसती आठपट वाढ केली की पात्रे काचेसारखी लख्ख होतात आणि मागचा देखावा जाडाभरडाच राहतो, कारण त्यात वाढवायला आणखी काही नाहीच. नाटकाच्या फाटक्या पडद्यापुढे सिनेमातली माणसे उभी केल्यासारखे दिसते. पडद्यावरची अक्षरे, आयुष्याची पट्टी, सगळ्यांचे हेच.

चित्र मोठे काढून पुन्हा मूळ मापावर आणले तर काय होते पाहा. सपाट देखाव्याचा एक ठिपका आठपटीत चौसष्ट सारख्याच ठिपक्यांचा झालेला असतो. चौसष्ट सारख्यांची सरासरी काढली की तोच रंग परत मिळतो. म्हणजे देखावा, अक्षरे, पट्ट्या जशाच्या तशा राहतात. बदलतात फक्त त्रिमितीय पात्रांच्या कडा. आणि दोन्ही पुन्हा एकाच जाडीच्या कापडावर येतात. हे चित्र पाहिले की ते मूळ कारागिरांनी महागड्या यंत्रावर, सवडीने रंगवून आणल्यासारखे वाटते. बीटल पीएसएक्स या दुसऱ्या एम्युलेटरमध्ये सुपरसॅम्पलिंगची खूण केली की नेमके हेच होते. निन्टेंडो ६४ च्या खेळांसाठी पॅरालेल-आरडीपी नावाचा जो भाग २०२० पासून मिळतो, त्यातही मोठे काढून मूळ मापावर आणण्याची सोय आहे.

डकस्टेशनमध्ये ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ असाही पर्याय दिसेल. तो उलटा चालतो : त्रिमितीय भाग धारदार ठेवतो आणि सपाट देखावा मऊ करतो. काहींना तो आवडतो. आम्हाला देखावा चरबट झाल्यासारखा वाटला.

मारिओ, कॉन्ट्रा या खेळांचे काय, असे बरेच जण विचारतील, कारण आपल्याकडे अनेक घरांत पहिली ओळख झाली ती ‘कॅसेट’ घालून चालणाऱ्या आठ-बिटच्या खेळांशी. त्यांना सुपरसॅम्पलिंगचा काहीही उपयोग नाही. तिथे सूचना नाहीत, ठिपका-ठिपका हाताने बसवलेली चित्रेच आहेत. मोठी करून लहान केली तर पुन्हा तीच हाती येतात. त्यांना पूर्ण पटीत, म्हणजे तिप्पट किंवा चौपट असे मोठे करावे, साडेतीनपट करू नये, एवढेच. एक अपवाद मात्र फार देखणा आहे. सुपर निन्टेंडो या यंत्रात मोड सेव्हन नावाची सोय होती. १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचा एक मोठा नकाशा घेऊन यंत्र तो फिरवे, लहान-मोठा करे, आणि दर ओळीला माप बदलून तो जमिनीसारखा लांबवर पसरल्याचा भास निर्माण करे. १९९० चा एफ-झिरो हा मोटारींचा खेळ याच युक्तीवर उभा आहे. पण २५६ बाय २२४ च्या चित्रात दूरचा रस्ता नुसता चुरा होऊन दिसायचा. २०१९ मध्ये डेरकौन या टोपणनावाच्या प्रोग्रामरने बीस्नेस या एम्युलेटरमध्ये बदल करून तो नकाशा फिरवण्याचा हिशोब बारीक घरांवर केला, आणि सुपरसॅम्पलिंगचीही सोय दिली. क्षितिजाजवळच्या ज्या पट्ट्या तीस वर्षे चुऱ्यात लपल्या होत्या, त्या त्याच जुन्या नकाशातून वर आल्या. नवे काही रंगवले गेले नाही, होते तेच नीट मोजले गेले.

जुन्या मंडळींचा एक आक्षेप आम्ही खरा मानतो. ते म्हणतात, काचेच्या टीव्हीवर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत, ओळींमध्ये काळी फट राही, आणि कारागिरांनी हे धरूनच चित्रे काढली होती. प्लेस्टेशनच्या त्रिमितीय चित्रांत रंग फक्त ३२,७६८. त्यांतून जास्त छटांचा भास व्हावा म्हणून यंत्र दोन रंगांचे ठिपके बुट्टीसारखे आलटून-पालटून पेरत असे. काचेच्या टीव्हीवर ते मिसळून जात. सपाट पडद्यावर ती बुट्टी उघडी पडते. म्हणून सगळे इतके स्वच्छ करणे म्हणजे जुन्या घराला चकचकीत टाइल लावणे, असे त्यांचे म्हणणे. आमचे मत मधले आहे. मूळ मापावर आणलेले चित्र घ्यावे आणि त्यावर काचेच्या टीव्हीचा भास देणारा परिणाम हलका चढवावा. कडा मऊ होतात आणि चित्राचा पोतही टिकतो. पण मेटल गिअर सॉलिडमधल्या चेहऱ्यांकडे पाहा : डोळ्यांच्या जागी जेमतेम सावली आहे. मूळ चित्रात ती नजर वाटते, फार स्वच्छ केली की नुसता डाग दिसतो. प्रत्येक खेळाची स्वच्छता सोसण्याची मर्यादा वेगळी असते.

मोबाइलवाल्यांसाठी वेगळा सल्ला. आजकाल बहुतेक मुले जुने खेळ पीपीएसएसपीपी या प्रोग्राममध्ये खेळतात. तो सोनीच्या हातात धरायच्या पीएसपी यंत्राची नक्कल करतो. त्याचा मूळ पडदा ४८० बाय २७२. चौपट केली की १९२० बाय १०८८, म्हणजे साध्या फोनचा पडदा आडवा धरला तर जवळपास भरला. यापुढे दहापटीपर्यंत आकडा वाढवता येतो आणि मुले हमखास तिथवर नेतात. हातभर अंतरावरच्या सहा इंची पडद्यावर त्या जादा ठिपक्यांचा फरक डोळ्याला कळत नाही. कळतो तो हाताला, कारण फोन तापतो. तापला की तो स्वतःहून आपला वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. बॅटरी उतरते ती वेगळी. दुप्पट-तिप्पट ठेवा, फार तर चौपट.

आणखी एक बाब आडपडदा न ठेवता सांगायला हवी. एम्युलेटर स्वतः कायदेशीर आहेत आणि चांगले एम्युलेटर फुकट मिळतात, पण त्यामुळे खेळ फुकट होत नाहीत. शेकडो खेळांचे गठ्ठे जे उतरवून घेतले जातात तो दुसऱ्याच्या हक्काचा माल आहे, आणि प्लेस्टेशनच्या आत असणारा बायोस नावाचा प्रोग्रामही. आपल्या यंत्रातला बायोस काढावा, आपल्या डिस्कची प्रत करावी. प्लेस्टेशनच्या काळ्या पाठीच्या डिस्क साध्या सीडीच असतात, संगणकाची डिस्क-ड्राइव्ह त्या वाचते. अशी ड्राइव्ह हल्लीच्या संगणकांत नसते, बाहेरून जोडायची मात्र मिळते, आणि ती ग्राफिक्स कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त असते. भाच्याच्या ईदीतून शेवटी तेवढी एक वस्तू घेतली. ओरखडे पडलेल्या डिस्क फार दिवस थांबत नाहीत, म्हणून हे काम लवकर केलेले बरे.

सगळे जमल्यावर टीव्हीचा रिमोट हातात घ्या. चित्राचा आकार चार-तीनच ठेवा. सोळा-नऊ केला तर टेक्कनमधले सगळे पैलवान आडवे सुटतात. मग चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘शार्पनेस’ शून्यावर किंवा तळाशी आणा. बरेच टीव्ही दुकानातून येतानाच ती वाढवून आलेले असतात. इतक्या मेहनतीने मऊ केलेल्या कडांना टीव्ही पुन्हा धार लावतो आणि रेघेच्या बाजूने पांढरट किनार उमटते. ‘गेम मोड’ असेल तर तोही सुरू करा, बटण दाबल्यापासून पडद्यावरच्या हालचालीपर्यंतचा वेळ त्याने कमी होतो.